आरमारी अधिकाऱ्याची घरची पत्रे आणि सरकारी कागद : कॉलिंगवुड यांच्या निमित्ताने

कागदपत्री (धागाकर्ती)

नमस्कार. जुन्या कागदपत्रांच्या सूची करण्याच्या कामात एक गोष्ट मला वर्षानुवर्षे खटकत आली आहे. सैन्यात किंवा आरमारात हयात घालवलेला माणूस गेला की घरात कागदांचे दोन गठ्ठे उरतात. एकात नेमणुकीचे हुकूम, बढतीचे कागद, अहवाल आणि पदकांची प्रमाणपत्रे असतात; दुसऱ्यात त्याने घरी लिहिलेली पत्रे असतात. पहिला गठ्ठा ‘महत्त्वाचा’ म्हणून जपला जातो आणि दुसरा माळ्यावर जातो. माझे म्हणणे असे आहे की हे दोन्ही गठ्ठे उघडून, तारखेवार एकत्र लावून वाचावेत, कारण सरकारी कागदात अमुक गोष्ट का लिहिली किंवा का गाळली, याचे उत्तर पुष्कळदा घरच्या पत्रातच सापडते. ज्या माणसाच्या कागदांवरून मला हे कळले, त्यांच्याविषयी सविस्तर लिहिते.

ब्रिटिश आरमाराचे सेनापती कथबर्ट कॉलिंगवुड यांचा जन्म १७४८ साली इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल येथे झाला. १७६१ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ते एका नातेवाईक कप्तानाच्या जहाजावर उमेदवार म्हणून चढले. घर सुटले म्हणून रडत बसलेल्या या मुलाशी जहाजावरचा एक वरिष्ठ अधिकारी मायेने दोन शब्द बोलला, तेव्हा मुलाने त्याला आपल्या पेटीपाशी नेऊन आईने बांधून दिलेल्या केकचा मोठा तुकडा काढून दिला, अशी आठवण ते पुढे स्वतःच सांगत असत. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे ते आरमारात होते आणि त्यातली सुमारे ४४ वर्षे प्रत्यक्ष कामगिरीवर गेली. लेफ्टनंटची सनद मिळायला १७७५ साल उजाडले. त्याच वर्षी बोस्टनजवळच्या बंकर हिलच्या लढाईत ते खलाशांची तुकडी घेऊन किनाऱ्यावर उतरले होते. १७९१ मध्ये न्यूकॅसलच्याच सारा ब्लॅकेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला, सारा आणि मेरी पेशन्स या दोन मुली झाल्या, आणि १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटताच गृहस्थाश्रम जवळपास संपला. पुढे एका पत्रात त्यांनी लिहिले आहे की १७९३ पासून आपण फक्त एक वर्ष घरी राहिलो आणि आपल्या मुली आपल्याला ओळखतही नाहीत म्हटले तरी चालेल.

आता सरकारी कागदाकडे येऊ. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी स्पेनच्या किनाऱ्याजवळ ट्रफाल्गरची आरमारी लढाई झाली. ब्रिटिशांची २७ मोठी लढाऊ जहाजे होती, फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून ३३. कॉलिंगवुड यांचे ‘रॉयल सॉव्हरिन’ सर्वांच्या पुढे जाऊन शत्रूच्या रांगेत घुसले. त्या एका जहाजावर ४७ माणसे ठार झाली आणि ९४ जखमी. ब्रिटिश आरमाराचे सरसेनापती आणि कॉलिंगवुड यांचे जुने मित्र नेल्सन या लढाईत पडल्यावर आरमाराची सूत्रे कॉलिंगवुड यांच्याकडे आली. स्वतःच्या जहाजाच्या डोलकाठ्या कोसळल्या असल्यामुळे ‘युरियालस’ या लहान जहाजावर जाऊन २२ तारखेला त्यांनी नौदल मंडळाच्या सचिवांच्या नावे खलिता लिहिला. ‘पिकल’ नावाच्या छोट्या जहाजाने तो फाल्मथ बंदरात पोहोचवला. तिथून लेफ्टनंट लापेनोतिएर २१ वेळा घोडे बदलत लंडनला गेले आणि ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर त्यांनी तो सचिवांच्या हाती दिला. या प्रवासाचा त्यांनी सादर केलेला खर्च, ४६ पौंड १९ शिलिंग १ पेनी, हाही आज इतिहासाचा कागद आहे.

हा खलिता मी प्रथम वाचला तेव्हा दोन गोष्टींनी थबकले. पहिली अशी की नेल्सनच्या मृत्यूपाशी पोहोचल्यावर सरकारी भाषा तुटते आणि लिहिणारा सेनापती क्षणभर मागे सरून मित्र पुढे येतो. अनेक वर्षांच्या सहवासातल्या मित्राच्या मृत्यूने आपले काळीज विदीर्ण झाले आहे, असे ते नौदल मंडळाला लिहितात. अशा कागदात तेव्हाही हे वाक्य अपेक्षित नव्हते.

दुसरी गोष्ट मला बरीच उशिरा उलगडली. अशा विजयानंतर कोणत्या कप्तानाने काय पराक्रम केला याची स्वतंत्र स्तुती करण्याची गरज नाही, सर्वांच्या अंगी एकच तेज होते, असे म्हणून त्यांनी कप्तानांची प्रतवारी करणे टाळले आहे. काही कप्तानांना हे रुचले नाही, आणि खलित्यापुरते पाहिले तर लेखक कोरडा किंवा हातचे राखून लिहिणारा वाटू शकतो. पण त्याआधी अकरा वर्षांपूर्वीचे कागद उघडून पाहा. १ जून १७९४ च्या लढाईत कॉलिंगवुड ‘बार्फ्लर’ जहाजाचे कप्तान होते. सेनापती लॉर्ड हाऊ यांनी विशेष कामगिरी केलेल्यांची नावे कळवली आणि त्यांत कॉलिंगवुड यांचे नाव नव्हते. त्यामुळे सुवर्णपदकही मिळाले नाही. सरकारी दृष्टीने ते प्रकरण तिथेच मिटले होते. खासगी पत्रांत मात्र ते मिटलेले दिसत नाही. आपल्या जहाजावरच्या माणसांनी जे केले ते कागदावर आलेच नाही, हा सल तिथे स्पष्ट आहे. फेब्रुवारी १७९७ मध्ये केप सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत ‘एक्सलंट’वर त्यांनी मोठी कामगिरी केली, पदक जाहीर झाले, तेव्हा त्यांनी ते घेण्यास नकार दिला: १७९४ च्या दिवसाचे पदक मिळत नसेल तर हेही नको. अखेर दोन्ही पदके आली. एका यादीतून नाव गळल्यामुळे काय होते हे ज्याने तीन वर्षे सोसले, त्याच्याच हातात १८०५ मध्ये तशीच यादी करण्याची लेखणी आली आणि त्याने यादीच केली नाही. कोणत्याही ग्रंथात मला हा संबंध असा मांडलेला आढळलेला नाही, म्हणून तो माझा तर्क समजावा. परंतु दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवल्यावर मला दुसरा अर्थ लावता येत नाही.

तिसरे उदाहरण त्यांच्या जखमेचे आहे. खलित्यात तिचा उल्लेख नाही. कित्येक महिन्यांनी पत्नीला लिहिताना, माझ्या पायाला कसे लागले ते तुला सांगितले होते का, अशा सहज सुरात ते सांगतात की लाकडाची ढलपी लागली, घाव बराच होता, पाठीवरही एक तडाखा बसला, आणि तो बहुधा जवळून गेलेल्या तोफगोळ्याच्या वाऱ्याचा असावा, कारण मारणारी वस्तू काही दिसली नाही.

घरच्या पत्रांत लढाया थोड्याच आहेत. १६ जून १८०६ रोजी, लग्नाच्या वाढदिवशी, ते पत्नीला लिहितात की मुलींना भूमिती शिकव, कारण तिच्याइतकी रंजक विद्या नाही आणि तिने बुद्धी विस्तारते. वारशाने आलेल्या हेथपूलच्या ओसाड डोंगरउतारावर लार्च, ओक, बीच लावण्याविषयी ते लिहितात. झाडे लावणे म्हणजे हवेतून माती ओढून आणणे आहे, ही त्यांची कल्पना मला फार आवडते. मुलीला ते बजावतात की पत्र लिहिताना सगळे लक्ष त्यात घालावे, ते होता होईल तितके निर्दोष करावे आणि जे म्हणायचे ते साध्या, समजेल अशा भाषेत म्हणावे. समुद्रावरून मुलींना वाढवण्याचे त्यांच्याजवळ हेच एक साधन होते. आणि बाउन्स या कुत्र्याविषयी लिहिल्याशिवाय तर त्यांना राहवत नाही. स्वतःला सरदारकी मिळाल्यावर बाउन्सही इतका तोऱ्यात वागू लागला आहे की सामान्यांच्या कुत्र्यांशी खेळणे त्याला कमीपणाचे वाटते, असे त्यांनी लिहिले आहे. १८०९ मध्ये बाउन्स बहुधा रात्री समुद्रात पडून गेला. मला सुखाच्या गोष्टी थोड्या आहेत, त्यांतली ही एक होती, कारण त्याचा माझ्यावर जीव होता, असे त्यांनी घरी कळवले. या काळात भूमध्य समुद्रातले संपूर्ण ब्रिटिश आरमार त्यांच्या हुकमाखाली होते.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असे दोन गठ्ठे असतील, तर त्यांविषयी जरूर लिहावे.

प्रश्नचिन्ह

धागा मन लावून वाचला. पदकाचे प्रकरण आणि १८०५ चा खलिता यांची सांगड पटण्यासारखी आहे. तरीही एक शंका विचारतो. घरची पत्रे घरच्यांनीच छापली असतील, तर त्यांत काटछाट झालीच असणार. सरकारी कागदाला निदान आवक-जावकीची नोंद असते आणि प्रत दुसऱ्या दप्तरातही सापडते. मग खासगी पत्रांवर इतका भार टाकणे योग्य आहे का? शिवाय ही पत्रे पोहोचत तरी कशी होती?

कागदपत्री

शंका रास्त आहे. १८२८ साली थोरल्या मुलीच्या पतीने सरकारी आणि खासगी अशा दोन्ही पत्रव्यवहारांतील निवडक भाग प्रसिद्ध केला. ‘निवडक’ हा शब्द त्याने स्वतःच मुखपृष्ठावर घातला आहे, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे. जावई सासऱ्याची पत्रे निवडताना काय वगळील याचा अंदाज आपण बांधू शकतो. मात्र १९५७ मध्ये आरमारी कागद प्रसिद्ध करणाऱ्या एका जुन्या विद्वत्सभेने बहीण, मित्र, नातलग यांना लिहिलेल्या खासगी पत्रांचा स्वतंत्र खंड काढला, आणि त्यामुळे एकाच काळातली वेगवेगळ्या व्यक्तींना लिहिलेली पत्रे पडताळता येतात. माणूस पत्नीला जे सांगत नाही ते मित्राला सांगतो, आणि कधी उलटही असते. सरकारी कागद एकाच मालकाला उद्देशून लिहिलेला असतो, ही त्याची मर्यादाही लक्षात घ्यावी.

टपालाविषयी सांगायचे तर, ताफ्यातून एखादे वेगवान जहाज खलिते घेऊन निघाले की त्यासोबत खासगी पत्रे जात, किंवा जिब्राल्टर, लिस्बन अशा बंदरांतून टपालाच्या जहाजाने फाल्मथला पोहोचत. वारा पडला की महिना मोडे. म्हणून एकाच पत्रात मागच्या तीन पत्रांची उत्तरे असतात, आणि एखादी बातमी पोहोचेपर्यंत ती जुनी झालेली असते. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये टपालखर्च सामान्यतः पत्र घेणाऱ्याने भरायचा असे आणि तो अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरे, हेही ध्यानात ठेवावे. पत्रे दाटीने का लिहिलेली असतात ते त्यावरून कळते.

उत्तरकिनारा

मी न्यूकॅसलमध्ये चौदा वर्षे राहतो आहे, त्यामुळे हा धागा मला घरचा वाटला. टाइन नदीच्या मुखाशी, टाइनमाउथ येथे, कॉलिंगवुड यांचा उंच पुतळा समुद्राकडे तोंड करून उभा आहे. तो १८४५ साली उभारला आणि त्याच्या पायथ्याशी ‘रॉयल सॉव्हरिन’वरच्या चार तोफा ठेवल्या आहेत. येथून उत्तरेला मॉर्पेथ गावात त्यांचे घर अजून आहे. मागे वॅन्सबेक नदी वाहते. पत्रांत ज्या बागेची ते पुन्हा पुन्हा चौकशी करतात ती हीच. त्या नदीकाठच्या वाटेवरून चालताना मला नेहमी वाटते की हा माणूस या वाटेवर एकूण किती दिवस चालला असेल! घरी असताना फिरायला निघाले की खिशात ओकची फळे घेऊन, जागा दिसेल तिथे ती पेरत जाण्याची त्यांची सवय इथे अजून सांगितली जाते. आरमाराला पुढच्या पिढीत लाकूड कमी पडू नये, हा त्यामागचा विचार. हेथपूलला त्यांच्या मागे पत्नीने लावलेले ओक आजही ‘कॉलिंगवुडचे ओक’ म्हणून ओळखले जातात.

मराठी वाचकांना एक दुवा द्यावासा वाटतो. ओकला वेळ लागतो, आणि युद्ध थांबत नव्हते, म्हणून ब्रिटिश आरमाराने मुंबईच्या गोदीकडे वळून सागवानी जहाजे बांधून घेतली. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेले ‘मिंडेन’ हे मोठे लढाऊ जहाज १९ जून १८१० रोजी मुंबईत पाण्यात उतरले. कॉलिंगवुड यांना जाऊन तेव्हा साडेतीन महिने झाले नव्हते. त्याच गोदीत १८१७ मध्ये बांधलेले ‘त्रिंकोमाली’ आजही तरंगते आहे, आणि ते आहे न्यूकॅसलपासून तासाभराच्या अंतरावर, हार्टलपूल येथे. सरकारी कागदाचा विषय आहे म्हणून सांगतो: या जहाजाचे नकाशे इंग्लंडहून ज्या ‘जावा’ जहाजाने मुंबईला निघाले होते ते १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांनी लढाईत जिंकले, नकाशे गेले, आणि नव्याने प्रत पाठवावी लागली. मुंबईहून आई आली होती तेव्हा तिला मी हे जहाज दाखवले. सागवानावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली.

निवृत्तनाविक

मी भारतीय नौदलात तीस वर्षांहून अधिक काळ काढला आहे. मूळ लेखात सरकारी कागद म्हणून खलिता आणि पदके आली. पण आरमाराचा खरा सरकारी कागद म्हणजे जहाजाची रोजनोंद. वारा, दिशा, अंतर, हवामान, शिडांची स्थिती, पाणी आणि धान्य किती उरले, कोणाला काय शिक्षा झाली, कोण मेले, हे सर्व तीत येते. ब्रिटिश कप्तानांच्या त्या काळच्या रोजनोंदी लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. शिक्षांची नोंद बंधनकारक असल्यामुळेच आज आपण म्हणू शकतो की कॉलिंगवुड यांनी चाबकाचा वापर क्रमाने कमी केला. उत्तरायुष्यात तर वर्ष-वर्ष त्यांच्या जहाजावर फटक्यांची शिक्षा झाली नाही, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. अपराध्याच्या दारूत पाणी घालणे किंवा त्याला जादा काम लावणे एवढ्यावर ते भागवत. ज्याने हुकूम चालवला आहे त्यालाच कळेल की न मारता शिस्त राखणे हे किती कठीण काम आहे.

धागाकर्तींच्या मुद्द्याला पूरक असे एक उदाहरण देतो. जानेवारी १८०१ मध्ये ‘बार्फ्लर’ प्लिमथला होते. पत्नी आणि चिमुकली सारा हिवाळ्यात न्यूकॅसलहून, म्हणजे इंग्लंडच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, भेटायला निघाल्या होत्या. कॉलिंगवुड नेल्सनबरोबर जेवत असताना त्या आल्याची वर्दी मिळाली, आणि समुद्रावर निघण्याचा हुकूम तर त्याच दिवशी आधीच हातात पडला होता. ते धावत खाणावळीत गेले. त्या संध्याकाळी माझ्याइतका सुखी माणूस नव्हता, पण पहाटे आम्ही वेगळे झालो आणि मी समुद्रावर गेलो, असे त्यांनी एका पत्रात लिहिले आहे. रोजनोंदीत अशा दिवसाची नोंद कशी असते हे मी डोळे मिटून सांगू शकतो: नांगर उचलला, वारा अमुक, शिडे अमुक. दोन्ही नोंदी खऱ्या असतात. मी स्वतः आयुष्यभर पहिल्या प्रकारची नोंद लिहिली, दुसऱ्या प्रकारची फारशी लिहिली नाही, आणि आता त्याची खंत वाटते.

शत्रूच्या बंदरांवर पहारा ठेवताना ते एकदा २२ महिने नांगर न टाकता समुद्रावर राहिले. आजच्या पिढीतल्या नौसैनिकालाही हा आकडा नीट कळायला वेळ लागेल.

वेगळामुद्दा

लेख आणि प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत. मात्र एका बाजूकडे लक्ष वेधतो. पत्रे उरली ती अधिकाऱ्याची. ज्या शेकडो खलाशांना त्या काळी सक्तीने पकडून जहाजावर चढवले जाई, त्यांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांची पत्रे जपायला मॉर्पेथसारखे घर नव्हते. त्यांच्या वाट्याला एकच गठ्ठा आला, तोही सरकारी. मग दोन गठ्ठे एकत्र वाचण्याची पद्धत त्यांना कशी लावणार?

निवृत्तनाविक

आपण म्हणता ते खरे आहे. खलाशाचा कागद म्हणजे हजेरीपट. त्यात नाव, वय, जन्मगाव, चढल्याची तारीख आणि शेवटी एखादे अक्षर असते: पळाला, उतरवला किंवा मेला. मेलेल्यासाठी इंग्रजी ‘डी’ दोनदा लिहीत. १७८० मध्ये मध्य अमेरिकेतील सान हुआन नदीच्या मोहिमेत कॉलिंगवुड ‘हिंचिनब्रुक’चे कप्तान होते. तिथल्या तापाने चार महिन्यांत जहाजावरच्या २०० पैकी १८० माणसांना आपण मूठमाती दिली, असे त्यांनी पुढे लिहिले. हजेरीपटात अशा १८० ओळींपुढे तीच दोन अक्षरे येतात. त्या माणसांविषयी काही बोलणारा दुसरा कागद असेल तर तो त्यांच्या कप्तानाचे ते एक वाक्य आहे. अपुरे आहे, पण आहे.

कागदपत्री

‘वेगळामुद्दा’ यांचे आभार. सूची करताना हजेरीपटाला मी यापुढे दुय्यम मानणार नाही.

मूळ लेखात शेवटचा भाग राहून गेला होता, तो येथे देते. १८०३ च्या वसंतात घर सोडल्यावर कॉलिंगवुड पुन्हा कधीही घरी आले नाहीत. ट्रफाल्गरनंतरची साडेचार वर्षे त्यांनी भूमध्य समुद्रात काढली, आणि या काळात त्यांचे मुख्य शस्त्र लेखणी होते. सिसिलीचा राजा आणि राणी, अल्जियर्सचा सुभेदार, मोरोक्को आणि इजिप्तचे सत्ताधीश, १८०८ नंतर स्पेनमधली बंडखोर मंडळे, या सर्वांशी पत्रव्यवहार त्यांना करावा लागे, आणि लंडनहून सल्ला यायला आठवडे लागत असल्यामुळे निर्णयही स्वतःच घ्यावे लागत. ते स्वतःच्या हाताने तासन्‌तास लिहीत. १८०८ मध्ये प्रकृती ढासळल्यावर त्यांनी परत येण्याची परवानगी मागितली. तुमच्या जागी योग्य माणूस मिळणे कठीण आहे, अशा आशयाचे अत्यंत आदरयुक्त उत्तर आले आणि ते थांबले. तो कागद सेवेचा गौरव म्हणून वाचता येतो. त्याच काळातली घरची पत्रे पाहिली तर तो शिक्षेचा हुकूम वाटतो.

शेवटी मार्च १८१० मध्ये त्यांनी सूत्रे सोपवली. मिनोर्का बेटावरच्या पोर्ट माहोनहून ६ मार्चला जहाज घराकडे निघाले आणि ७ मार्चच्या संध्याकाळी समुद्रावरच त्यांचे निधन झाले. जहाजाच्या हेलकाव्यांचा त्रास होतो का, असे कप्तानाने विचारले, तेव्हा आता या जगातली कोणतीही गोष्ट मला त्रास देऊ शकत नाही, असे त्यांनी सांगितले. जठराचा खालचा मार्ग आकुंचित झाला होता. जहाजावरचा कोंडलेला मुक्काम आणि पत्रव्यवहारासाठी सतत मेजावर वाकून बसणे यांमुळे हा विकार जडला, असे कारण जावयाने छापलेल्या चरित्रात दिले आहे. आजचे डॉक्टर ते कितपत मान्य करतील हा प्रश्न वेगळा. पण त्यांच्या जवळच्या माणसांना तसे वाटले, ही नोंद मला कोणत्याही निदानाइतकी महत्त्वाची वाटते. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये नेल्सनच्या जवळच त्यांना पुरले आहे.

दर्याकाठची

मी अनेक वर्षे केवळ वाचक आहे. आज प्रथमच लिहिते. माझे वडील नौदलात होते. ते जाऊन सहा वर्षे झाली. आईने त्यांची पत्रे एका पत्र्याच्या डब्यात आणि नोकरीचे कागद एका फायलीत ठेवले होते, म्हणजे धागाकर्ती म्हणतात तसे दोन गठ्ठे. आमची पत्रे ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ या पत्त्यावर जात. बाबा कुठे आहेत हे लिफाफ्यावरून कधीच कळत नसे. बाबांना पत्रावर तारीख घालण्याची सवय नव्हती. वर फक्त ‘गुरुवार’ किंवा ‘रात्री’ एवढेच असे. म्हणून ती पत्रे कशी लावायची हेच मला समजत नव्हते. एका ठिकाणी चौकशी केली तर अशा बिनतारखेच्या पत्रांचा उपयोग नाही असे सांगण्यात आले, आणि मी डबा बंद करून ठेवला. हा धागा वाचल्यावर फाईल आणि डबा दोन्ही टेबलावर घेतले आहेत. सुरुवात कुठून करावी?

मोडीवाचक

ताई, बिनतारखेच्या पत्राचा उपयोग नाही, हे मुळीच मान्य करू नका. आमच्याकडे मराठेशाहीच्या कागदांतही चंद्राचा दिवस आणि महिना असतो पण साल नसते, आणि मजकुरातल्या घटनांवरून ते बसवावे लागते. तुमचे काम त्यापेक्षा सोपे आहे, कारण तुमच्याजवळ सरकारी फाईल आहे. प्रथम बदलीच्या आणि प्रशिक्षणाच्या सर्व हुकमांची तारखेवार यादी करा: कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत कोणते बंदर किंवा जहाज. मग पत्रांतले ऋतू, सण, आजारपणे, कोणाची दहावी, कोणाचे लग्न, हे टिपून त्या यादीवर ठेवून पाहा. लिफाफे फेकले नसतील तर टपालाचे शिक्के भिंगातून पाहावेत. पत्रे ज्या क्रमाने डब्यात होती तो क्रम आधी टिपून ठेवा, कारण आईंनी तो काही विचाराने लावला असू शकतो. प्लॅस्टिकचे आवरण चिकटवून घेऊ नका, टाचण्या काढा, आणि चिकटपट्टी चुकूनही लावू नका.

दर्याकाठची

दोन आठवड्यांनी लिहिते आहे. दादा, आपण सांगितले तशी यादी केली. ६३ पत्रांपैकी ४१ पत्रांचे साल बसले. त्यांतले एक पत्र येथे सांगावेसे वाटते. वर ‘रविवार’ एवढेच आहे. मजकूर असा की कोचीनला पाऊस कोसळतो आहे, कपडे वाळत नाहीत, वर्ग सकाळी लवकर भरतात, आणि नावाचे तुम्ही सर्वांनी मिळून ठरवा, माझ्यासाठी थांबू नका. हे पत्र माझ्या धाकट्या भावाच्या वेळचे असावे असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. फायलीतल्या हुकमांप्रमाणे बाबा पावसाळ्यात कोचीनला एकदाच होते, एका प्रशिक्षणासाठी, आणि ते साल माझ्या जन्माचे आहे. त्या प्रशिक्षणाच्या अहवालात त्यांना उत्तम शेरा आहे. पत्राच्या कडेला उभ्या ओळीत त्यांनी एक नाव लिहून खोडले आहे. उजेडावर धरले तर वाचता येते. ते माझे नाव नाही.

साल आता पत्रावर लिहून ठेवू का?

मोडीवाचक

मूळ कागदावर काहीही लिहू नका. स्वतंत्र चिठ्ठीवर मऊ पेन्सिलीने साल चौकटी कंसात लिहा, त्याखाली कोणत्या हुकमावरून ते ठरवले त्याचा क्रमांक द्या, आणि पत्र व चिठ्ठी एकाच लिफाफ्यात ठेवा. खोडलेल्या नावाची नोंदही त्याच चिठ्ठीवर करा.